लेझरने डोळे जातात म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्यात फलटणहून एक वडील आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी आमच्या दवाखान्यात आले. मुलगी कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळते. चढाईला जाताना चष्मा काढून ठेवावा लागतो आणि मग कोपरारक्षक कुठे पाय टाकतोय ते तिला नीट दिसत नाही. लेझर करून चष्मा घालवायचाच, असा हट्ट धरून ती वडिलांना घेऊन आली होती. मी तिथे ऑप्टोमेट्रिस्ट आहे. ऑपरेशन डॉक्टर करतात, पण कुणाचा डोळा त्यासाठी योग्य आहे आणि कुणाचा नाही हे ठरवायला लागणारी बहुतेक मोजमापं माझ्या हातून होतात. मुलीने मशीनच्या पट्टीवर हनुवटी टेकवली, तेवढ्यात वडिलांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. "मॅडम, आधी हे वाचा. मग काय ते तपासा."

मेसेज ओळखीचा होता. माझ्या माहेरच्या ग्रुपवर तो दोनदा येऊन गेला आहे, आणि पेशंटच्या मोबाईलवर किती वेळा पाहिला त्याची गणती नाही. त्यात थोडक्यात असं म्हटलंय: ज्या अमेरिकन अधिकाऱ्याने लेसिकला, म्हणजे चष्म्याचा नंबर काढणाऱ्या लेझर ऑपरेशनला, परवानगी दिली त्यानेच नंतर बंदी मागितली. डोळ्यांचे डॉक्टर स्वतः चष्मा लावतात, यावरून काय ते समजा. लेझरने बुबुळ जाळून पातळ करतात, त्यातून माणूस आंधळा होऊ शकतो. दहा वर्षांनी नंबर परत येतो, तोही दुप्पट. डोळे जन्मभर कोरडे पडतात आणि रात्री गाडी चालवता येत नाही. पुढे मोतीबिंदू झाला तर ऑपरेशन करता येत नाही. आणि शेवटी उपाय: गाजर, बदाम, रोज त्राटक, तीन महिन्यांत चष्मा उतरतो. खाली हात जोडलेले, आणि किमान दहा जणांना पाठवा अशी विनंती.

त्या वडिलांना मी वीस मिनिटं उत्तर दिलं. तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा मेसेज पुढे पाठवणारी माणसं वाईट नाहीत. आपल्या पोरांच्या डोळ्यांना जपावं एवढाच त्यांचा हेतू असतो. मीही 2009 मध्ये, चोविसाव्या वर्षी, दोन्ही डोळ्यांचं लेसिक करून घेतलेलं आहे. नंबर होता मायनस साडेपाच. पण माझं बरं झालं म्हणून तुमचंही होईल, असा युक्तिवाद मी करणार नाही. तो मेसेजसारखाच कच्चा आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढची सगळी उत्तरं तिच्यातूनच निघतात. ज्याला जवळचं दिसतं पण लांबचं दिसत नाही, त्याचा डोळा बहुतेक वेळा मागे लांबट वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा पुढून मागे साधारण 24 मिलिमीटर असतो. तो एक मिलिमीटर जास्त वाढला की सुमारे अडीच ते तीन नंबर लागतो. लांबी वाढली की प्रतिमा डोळ्याच्या आतल्या, मागच्या पडद्याच्या अलीकडेच तयार होते आणि पडद्यावर धूसर पोचते. लेझर या लांबीला हातही लावत नाही. तो फक्त डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, म्हणजे कॉर्नियाला, मधोमध किंचित सपाट करतो, जेणेकरून प्रतिमा मागे सरकून पडद्यावर बसावी. म्हणजे चष्म्याची काच जे काम करत होती तेच आता कॉर्निया करू लागतो. डोळा मात्र होता तेवढाच लांब राहतो. 'कायमची मुक्ती' छापणाऱ्या जाहिराती हेच सांगत नाहीत, आणि घाबरवणाऱ्या मेसेजलाही हेच माहीत नसतं.

आता बंदीची गोष्ट. तिचा पाया खरा आहे. मॉरिस वॅक्सलर हे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात, म्हणजे एफडीएमध्ये, नेत्रउपकरणांच्या विभागात काम करत होते. लेझरला परवानग्या मिळाल्या त्या काळातले ते अधिकारी. निवृत्तीनंतर त्यांचं मत बदललं आणि 2011 मध्ये त्यांनी परवानगी मागे घेण्यासाठी अर्ज केला. मेसेज इथे थांबतो. पुढे झालं असं की एफडीएने 2014 मध्ये तो अर्ज फेटाळला.

पण तक्रारी दुर्लक्षून फेटाळला असंही नाही. त्याच सुमारास एफडीएने अमेरिकेची राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खातं यांच्यासोबत एक अभ्यास हाती घेतला होता. 'प्राऊल' या नावाने तो ओळखला जातो. त्यात नौदलातले 262 जण होते आणि 312 सामान्य नागरिक. याआधीच्या बहुतेक अभ्यासांत तक्त्यावरची किती अक्षरं वाचता आली एवढंच मोजायचे. इथे पेशंटला घरी बसून, डॉक्टर समोर नसताना, प्रश्नावली भरायला दिली: तुला नेमकं काय दिसतं, काय खुपतं, काय जमत नाही? डॉक्टरच्या तोंडावर माणूस 'बरंय' म्हणून मोकळा होतो. कागदावर खरं उतरतं. या अभ्यासाचे निष्कर्ष लेझरच्या जाहिरातीला शोभतील असे नाहीत आणि मेसेजला शोभतील असेही नाहीत. मी ते खाली कोरडेपणाच्या मुद्द्याशी देते, कारण त्यांची जागा तिथे आहे. जाता जाता एवढंच, की नासाने 2007 पासून लेसिक झालेल्या उमेदवारांना अंतराळवीर व्हायला मोकळीक दिली आहे.

डॉक्टर स्वतः चष्मा का लावतात, हा मुद्दा ऐकायला फार पटतो, आणि म्हणूनच तो सगळ्यात जास्त फिरतो. उत्तर सोपं आहे. तुम्ही ज्या अनुभवी डॉक्टरांकडे जाता ते पंचेचाळीस-पन्नाशीचे असतात आणि त्यांना चाळिशी लागलेली असते. चाळिशी म्हणजे डोळ्याच्या आतल्या भिंगाची लवचिकता कमी होणं. तिचा कॉर्नियाशी संबंध नाही. आमच्या डॉक्टरांचा चष्मा जवळचं वाचायचा आहे. लांबचं त्यांना जन्मापासून स्वच्छ दिसतं. काहींचा कॉर्निया पातळ असतो, काहींचे डोळे आधीच कोरडे असतात, ते स्वतःलाही नकार देतात. आणि असं ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनाच हा प्रश्न विचारून झालेला आहे. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांचे स्वतःचे डोळे त्यासाठी योग्य होते अशा डॉक्टरांपैकी 60 टक्क्यांहून जास्त जणांनी ते करून घेतलेलं होतं.

चाळिशीबद्दल एक गोष्ट मात्र मेसेजने लिहायला हवी होती, ती लिहिलेली नाही. मायनस नंबरवाल्याला चाळिशीनंतर एक फायदा असतो: चष्मा काढला की जवळचं वाचता येतं. माझी आई साठीतही चष्मा कपाळावर सरकवून सुईत दोरा ओवायची. लेझर केल्यावर ही सोय जाते. मला आता चाळीस पूर्ण झाली आणि औषधाच्या बाटलीवरची तारीख हात लांब करून वाचावी लागते. अडतीस-चाळीसच्या वयात लेझरला येणाऱ्या माणसाला हे आधी, स्पष्ट शब्दांत सांगितलं नाही तर ती फसवणूक आहे असं मी मानते. वर्षभरात त्याच्या नाकावर पुन्हा चष्मा येतो आणि तो म्हणतो, 'लेझर फेल गेलं.'

यातूनच 'दहा वर्षांनी नंबर परत येतो' या समजाला खतपाणी मिळतं. पण त्या समजाचं मूळ अजून जुनं आहे. लेझर येण्याआधी, 1970 च्या दशकात, मॉस्कोत स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी एक शस्त्रक्रिया लोकप्रिय केली. बारीक पात्याने कॉर्नियावर बाहेरच्या दिशेने खोल चिरा द्यायच्या, म्हणजे तो मधोमध सपाट होतो. ती जगभर झाली, आपल्याकडेही झाली. आजही कधीतरी साठीच्या आसपासचे पेशंट येतात. मशीनच्या उजेडात त्यांच्या कॉर्नियावर छत्रीच्या काड्यांसारख्या रेषा दिसतात, मधला छोटा गोल तेवढा मोकळा. या शस्त्रक्रियेवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला आणि दहा वर्षांनी असं आढळलं की 43 टक्के डोळ्यांचा नंबर एक किंवा त्याहून जास्त अंकाने प्लसकडे सरकला होता. चिरा खोल होत्या, कॉर्निया सैल पडत गेला. 'दहा वर्षांनी बिघडतं' ही भीती त्या पिढीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे, ती खोटी नव्हती. ती दुसऱ्याच ऑपरेशनची होती, एवढंच.

मग लेझरचं काय? नंबर थोडा परत येऊ शकतो, आणि मूळ नंबर जितका मोठा तितकी ती शक्यता जास्त. स्पेनमध्ये 1990 च्या दशकात लेसिक झालेले डोळे दहा वर्षांनी पुन्हा तपासले गेले. मायनस दहापर्यंतच्या नंबरवाल्यांत 73 टक्के डोळे अपेक्षित नंबरच्या एका अंकाच्या आत होते. मायनस दहाच्या वरच्यांत फक्त 42 टक्के. ते जुन्या पिढीचे लेझर होते, आणि मायनस दहाच्या वर आज कुणी शहाणा डॉक्टर सहसा लेसिक करतही नाही, डोळ्यात लेन्स बसवण्याचा पर्याय सांगतो. माझ्या उजव्या डोळ्याला आता मायनस अर्धा आहे. साडेपाचावरून अर्ध्यावर. रात्री घाटातून गाडी चालवायची असेल तर मी तो चष्मा लावते, एरवी लावत नाही. 'दुप्पट होऊन परत' हे कुठून आलं ते मात्र मला कळलेलं नाही. कॉर्नियाचा वरचा थर थोडा जाड होऊन किंवा डोळा अजून थोडा वाढून नंबर काही अंशी परत येतो. दुप्पट व्हायला डोळा काही मिलिमीटर लांब व्हावा लागेल, आणि ते लेझर करू शकत नाही.

डोळा अजून वाढत असताना केलं तर मात्र नंबर हमखास येतो. म्हणून वर्षभरात नंबर अर्ध्या अंकाहून जास्त बदलला नाही ना, हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जायचं नसतं. 'मुलीचं लग्न मे महिन्यात आहे, तेवढं उरकून टाका' म्हणणारे पालक आमच्याकडे दर हिवाळ्यात येतात. अठरा वर्षं पूर्ण होणं ही किमान अट झाली. डोळ्याची वाढ थांबलीय का, हा प्रश्न वेगळा आहे. भारतीय हवाई दल लेझर झालेल्या उमेदवारांना काही अटींवर घेतं, आणि त्या अटींत ऑपरेशनच्या वेळचं वय आणि उरलेल्या कॉर्नियाची जाडी यांच्यासोबत डोळ्याची लांबीही आहे. नंबर शून्य झाला तरी लांब डोळ्याचा ताणलेला पडदा तसाच राहतो, म्हणून ती मोजतात. बाहुली मोठी करणारं औषध घालून पडदा तपासला नसेल, तर तुमची तपासणी अर्धी झाली आहे. आणि लेझरनंतरही दरवर्षी ती करायची, कारण मायनस नंबरवाल्याचा पडदा सुटण्याचा धोका चष्म्यासोबत जात नाही. डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्या, काळे ठिपके वाढले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

आता सगळ्यात भीतीचा मुद्दा: बुबुळ जाळतात, पातळ करतात, माणूस आंधळा होतो.

जाळणं हा शब्दच चुकीचा आहे. नंबर काढणारा एक्सायमर लेझर 193 नॅनोमीटरचा, अदृश्य अतिनील प्रकाशाचा असतो. त्याचा हा गुण मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांचे दोन सहकारी, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम, यांनी आयबीएमच्या न्यूयॉर्कजवळच्या प्रयोगशाळेत 1981 मध्ये ओळखला. थँक्सगिव्हिंगच्या जेवणात उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर त्यांनी तो चालवून पाहिला, तर कड स्वच्छ कापली गेली, शेजारच्या पेशी करपल्या नाहीत. साध्या लेझरने तोच तुकडा कडेने काळा पडला होता. हा प्रकाश रेणूंमधले बंध तोडून पातळ थर उडवतो. एका ठोक्याला सुमारे पाव मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ऑपरेशनच्या वेळी केस जळल्यासारखा वास येतो, तो मलाही आला होता. उडालेल्या कणांचा तो वास. डोळा भाजल्याचा नव्हे.

पातळ करतात हे खरं आहे, आणि इथे हिशोब दाखवायला हवा. कॉर्निया मधोमध साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे 500 ते 550 मायक्रॉन जाड असतो. एका नंबरला साधारण 12 ते 15 मायक्रॉन काढावे लागतात. समजा जाडी 520 आहे आणि नंबर मायनस पाच. लेसिकमध्ये आधी सुमारे 110 मायक्रॉनची पातळ झडप उचलतात, खाली 60 ते 75 मायक्रॉन काढतात (मानवी केसाएवढं), आणि झडप परत बसवतात. खाली 335 च्या वर उरतात. किमान 250 शिल्लक हवेत हा जुना नियम. बरेच डॉक्टर 280 ते 300 च्या खाली जात नाहीत. आता जाडी 480 आणि नंबर मायनस नऊ घ्या. झडपेचे 110, नंबरचे सव्वाशेच्या आसपास, उरले 245. इथे लेसिक नाही म्हणजे नाही. ही बेरीज-वजाबाकी तुमच्या रिपोर्टवरून तुम्हीही करू शकता, आणि करावी.

पण जाडीपेक्षाही मला आकाराची भीती वाटते. काहींचा कॉर्निया मुळातच कमकुवत असतो आणि हळूहळू शंकूसारखा पुढे येतो. त्याला केराटोकोनस म्हणतात. हा आजार आपल्याकडे दुर्मिळ नाही. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीच्या पुढच्या साडेचार हजारांहून जास्त लोकांचे डोळे तपासले गेले होते. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात हे प्रमाण 2.3 टक्के निघालं. तिथे केराटोकोनसची व्याख्या थोडी सैल होती, सगळ्यांनाच खरा आजार असेल असं नाही, तरी आकडा झोप उडवणारा आहे. अशा कॉर्नियावर लेसिक केलं तर तो सैल पडून फुगतो आणि दृष्टी बिघडत जाते. मेसेजमध्ये ज्या भयंकर गोष्टी आहेत, त्यांतल्या खऱ्या गोष्टी बहुधा या वाटेने आलेल्या असतात. आणि हे आधी ओळखता येतं. कॉर्नियाच्या पुढच्या-मागच्या दोन्ही बाजूंचा रंगीत नकाशा काढतात. खालच्या अर्ध्यात लाल-केशरी डाग एका बाजूला झुकलेला दिसला की मी डॉक्टरांना हाक मारते आणि त्या दिवशी ऑपरेशनची गोष्ट तिथेच संपते. दोन वर्षांपूर्वी एक मुलगा असा नकाशा पाहून माझ्यावर चिडला होता, दुसरीकडे करून घेईन म्हणाला. मी त्याच्या आईला फोन करून सांगितलं की डोळे चोळायचे थांबवा आणि आजार वाढतोय का ते दर सहा महिन्यांनी बघा. वाढत होता. त्याचं क्रॉसलिंकिंग झालं, म्हणजे व्हिटॅमिन बी-2 चे थेंब आणि अतिनील किरण वापरून कॉर्निया बळकट केला. लेझरच्या नादाने तो तपासायला आला, म्हणून आजार वेळेत सापडला.

राहिलं आंधळेपण. माझ्याकडे येणाऱ्या अशा कथा मी नीट विचारून घेते. 'आमच्या शेजारच्या काकांना लेझर मारला आणि दृष्टी गेली.' खोदून विचारलं की कळतं, काकांना वीस वर्षं साखर होती आणि पडद्यावर रक्तस्राव झाला होता, म्हणून पडद्याला लेझर दिला. आपण मराठीत सगळ्यालाच लेझर म्हणतो. मधुमेहातला पडद्याचा लेझर, मोतीबिंदूनंतर जाळी साफ करायचा लेझर, काचबिंदूतला लेझर आणि चष्म्याच्या नंबरचा लेझर, ही चार वेगळी कामं आणि चार वेगळी कारणं आहेत. नंबरच्या लेझरने पूर्ण दृष्टी जाणं अतिशय विरळ आहे. दृष्टीची प्रत घसरणं मात्र घडतं: 2016 च्या एका मोठ्या आढाव्यात जवळपास 68 हजार डोळ्यांचे निकाल एकत्र केले, त्यात चष्मा लावूनही तक्त्यावरच्या दोन किंवा जास्त ओळी कमी दिसू लागल्या असे डोळे हजारात साधारण सहा. त्याच आढाव्यात 90 टक्क्यांच्या वर डोळे ठरवलेल्या नंबरच्या अर्ध्या अंकाच्या आत आले. जंतुसंसर्ग हाही धोका आहे. पण कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांना तोच धोका दरवर्षी असतो: अमेरिकेतल्या 1989 च्या एका प्रसिद्ध अभ्यासात दिवसा लेन्स घालणाऱ्या दहा हजारांत चार जणांना, आणि लेन्स घालून झोपणाऱ्या दहा हजारांत जवळपास एकवीस जणांना, वर्षाला कॉर्नियाचा जंतुसंसर्ग झाला होता. लेझरला घाबरून पोरगी लेन्स घालूनच झोपत असेल, तर धोका टळलेला नाही.

कोरडे डोळे आणि रात्रीचे दिवे. या मुद्द्यावर मी मेसेजच्या बऱ्याच जवळ आहे. कॉर्निया हा शरीरातल्या सर्वांत संवेदनशील भागांपैकी एक. झडप उचलताना त्यातल्या बारीक नसा तुटतात, मग डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूला नीट पोचत नाही आणि पाणी कमी तयार होतं. बहुतेकांच्या नसा सहा महिने ते वर्षभरात परत वाढतात. प्राऊल अभ्यासात, आधी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी जवळपास 28 टक्के लोकांना तीन महिन्यांनी ती सुरू झाली होती. दिव्यांभोवती कडी, किरण, दुहेरी छाया यांपैकी आधी काहीच दिसत नव्हतं अशांपैकी 40 टक्क्यांहून जास्त जणांना निदान एक तरी लक्षण नव्याने दिसू लागलं. रात्री बाहुली मोठी होते आणि लेझर केलेल्या सहा-साडेसहा मिलिमीटरच्या गोलाच्या कडेवरून प्रकाश आत जातो, म्हणून हे रात्री जास्त.

आकडे मोठे आहेत, आणि ते पेशंटला ऑपरेशनआधी सांगितलेच पाहिजेत. 'थोडे दिवस थेंब टाका' एवढ्यावर भागवणं चूक आहे. पण त्याच अभ्यासात या लक्षणांमुळे रोजची कामं करणं फार कठीण झालं असे लोक एक टक्क्याहून कमी होते, आणि आपल्या दृष्टीवर समाधानी असलेले 95 टक्क्यांच्या वर. शिवाय चष्मा असतानाही अनेकांना कडी दिसत होती. त्यांतल्या काहींची लेझरनंतर गेली. मला पहिलं वर्ष एसीत बसलं की डोळ्यांत वाळू असल्यासारखं व्हायचं. आता उन्हाळ्यात थेंब लागतात, एवढंच उरलंय.

त्या एक टक्क्यातले लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्याबद्दल कुणी हलकं बोललेलं मला चालत नाही. त्यांतल्या फार थोड्यांना नसांचं दुखणं जडतं: मशीनखाली डोळा स्वच्छ दिसतो, तक्त्यावर शेवटची ओळ वाचतात, आणि तरी डोळा आतून भाजल्यासारखा दुखत राहतो. त्यांना 'तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत' म्हणून परत पाठवणं हा त्यांच्यावर दुसरा घाव असतो. आधीपासून कोरडे डोळे असलेल्यांना, संधिवातासारखे आजार असलेल्यांना, शरीरात इतरत्र जुनाट दुखणं असलेल्यांना आम्ही लेझर टाळायला सांगतो. काही मिनिटांच्या अश्रूंच्या तपासणीला कंटाळून कुणी ती वगळली, तर चूक लेझरची नाही, तपासणाऱ्याची आहे.

मोतीबिंदूचं ऑपरेशन करता येत नाही, हे साफ खोटं. करता येतं, रोज होतं. फक्त आत बसवायच्या लेन्सचा नंबर काढणं अवघड होतं. नेहमीचं यंत्र कॉर्नियाच्या पुढच्या वळणावरून त्याची ताकद ठरवतं. लेझरने पुढचं वळण बदललेलं असतं, मागचं नाही, त्यामुळे हिशोब चुकून माणसाला प्लस नंबर राहून जातो. यासाठी आता वेगळी सूत्रं आहेत. तुमचं काम एकच: लेझरआधीचा नंबर, नकाशा आणि जाडी यांचे कागद जपून ठेवा, फोटो काढून मुलांनाही पाठवून ठेवा. तीस वर्षांनी तो दवाखाना असेलच असं नाही. आणि डोळ्याचा दाब मोजणाऱ्याला लेझर झाल्याचं आवर्जून सांगा. पातळ कॉर्नियावर दाब खरा असतो त्याहून कमी दिसतो, आणि काचबिंदू नजरेतून निसटू शकतो. मेसेज लिहिणाऱ्याने हे लिहिलं असतं तर मी स्वतः तो दहा जणांना पाठवला असता.

शेवटी गाजर आणि त्राटक. गाजर खा, चांगलंच आहे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा रातांधळेपणा त्याने टळतो. पण लांब झालेला डोळा आखूड होत नाही. मग 'आमच्या भाच्याचा नंबर गेला' हे कसं? लहान मुलांच्या डोळ्याचा आतला स्नायू सतत जवळ बघून आखडतो आणि खोटा मायनस नंबर दिसतो. थेंब घालून स्नायू सैल करून तपासलं की तो नाहीसा होतो. भाच्याला मुळात तेवढा नंबर नव्हताच. 2024 मध्ये 'चष्मा घालवणारे थेंब' म्हणून ज्याचा गाजावाजा झाला ते औषधही चाळिशीसाठी होतं, मायनस नंबरसाठी नव्हे, आणि त्याच्या प्रसिद्धीमुळे केंद्रीय औषध नियंत्रकांनी परवानगी स्थगित केली होती. त्राटकाने फार नुकसान होणार नाही. पण याच मेसेजच्या एका आवृत्तीत डोळ्यात मध आणि कांद्याचा रस घालायला सांगितलंय. ते कृपा करून करू नका. त्याने कॉर्नियाला जखम होऊन लेझरपेक्षा कितीतरी मोठं नुकसान होतं. वाढत्या वयाच्या मुलांचा नंबर हळू वाढावा म्हणून रोज दोन तास उघड्यावर, उजेडात खेळू द्या, आणि डॉक्टर सांगतील तर कमी ताकदीचे अ‍ॅट्रोपीनचे थेंब. त्यानेही असलेला नंबर उतरत नाही, वाढ मंदावते.

फलटणच्या त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगते. गेल्या वर्षीच्या चष्म्याच्या कागदावर मायनस सव्वातीन होता, आता चार निघाला. म्हणजे डोळा अजून वाढतोय. कॉर्नियाचा नकाशा सुरेख, जाडी 531, पडदा ठीक, पण पापण्या उलटून पाहिल्या तर आतून दाणे: धुळीची अ‍ॅलर्जी, आणि ती दिवसभर डोळे चोळते. शिवाय कबड्डी. लेसिकची झडप कडेने भरून येते, पण ती मूळच्यासारखी कधीच घट्ट बसत नाही. डोळ्यावर कोपर किंवा बोट लागून काही वर्षांनीही झडप सरकल्याची उदाहरणं आहेत. असा खेळ खेळणाऱ्याला झडप न उचलता, वरचा थर बाजूला करून केलेलं पीआरके किंवा बारीक छिद्रातून केलेलं स्माइल जास्त योग्य. पीआरकेमध्ये तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि नजर स्वच्छ व्हायला काही आठवडे जातात, हेही तिला सांगितलं. ती हिरमुसली. वडील मेसेजबद्दल पुन्हा काही बोलले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि '531' हा आकडा फाईलच्या पाठीवर लिहून घेतला.

तिला अ‍ॅलर्जीचे थेंब दिलेत, खेळताना वापरायच्या पट्ट्याच्या चष्म्याबद्दल तिच्या सरांशी बोलायला सांगितलंय, आणि पुढच्या जूनमध्ये नंबर पुन्हा तपासायला बोलावलंय.